न मागितलेला टूलबार आणि कोसळणारा फायरफॉक्स

२० जानेवारी २०११ रोजी फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने त्यातलं एक ऍड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला जादा प्रोग्राम, जगभरच्या संगणकांवर बंद करत असल्याचं जाहीर केलं. ऍड-ऑनचं नाव स्काइप टूलबार. ते कुठल्या भुरट्या कंपनीचं नव्हतं, त्यात व्हायरस नव्हता, पासवर्ड चोरल्याचा आरोप नव्हता. मोझिलाने कारणं दोनच दिली. त्या वेळची चालू आवृत्ती फायरफॉक्स ३.६.१३ ज्या गोष्टींमुळे सर्वांत जास्त कोसळत होती, त्यांत हा टूलबार वरच्या रांगेत होता. आदल्या एका आठवड्यात जवळजवळ ४०,००० क्रॅशमध्ये त्याचा संबंध आढळला होता. शिवाय टूलबारची आवृत्ती कोणती आहे त्यानुसार पानाच्या रचनेत फेरफार करण्याचं ब्राउझरचं काम तो ३०० पटींपर्यंत मंद करू शकत होता.

‘ब्राउझर सारखा बंद पडतोय, काढून परत टाकू का?’ हा प्रश्न कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला वर्षभर कोणी ना कोणी विचारतच असतं. अशा घरगुती भानगडींची कागदोपत्री नोंद सहसा नसते. कोणीतरी चार बटणं दाबतं, काहीतरी सुधारतं, आणि नेमकं कशामुळे सुधारलं ते कळत नाही. या प्रकरणाचं तसं नाही. लक्षण, आकडा, कारण, निर्णय सगळं उघडपणे मांडलं गेलं, म्हणून ते नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

टूलबार आला कुठून

त्या वर्षांत स्काइप ही चैन नव्हती. पुण्यात, नाशकात, ठाण्यात ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये होती, त्या घरांत रविवारची सकाळ स्काइपवर जायची. आयएसडीचे दर परवडत नव्हते आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल यायला अजून बरीच वर्षं होती. त्यामुळे घरात पीसी आला की वेबकॅम, हेडफोन आणि स्काइप हे ओघानेच आलं. बसवून द्यायला बहुधा भाचा, शेजारचा मुलगा किंवा दुकानदार. तो ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश’ करून मोकळा.

त्या नेक्स्ट-नेक्स्टमध्येच टूलबार आत यायचा. स्काइप बसवताना किंवा अपडेट करताना तो फायरफॉक्समध्ये आपोआप बसत असे. मोझिलाने आपल्या निवेदनात हे स्पष्ट लिहिलं होतं: स्काइप घेतलेल्या पुष्कळ लोकांकडे हा टूलबार आहे, आणि तो आहे हे त्यांना माहीत नसण्याची शक्यता आहे. मला या सगळ्या प्रकरणातलं हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ४०,०००चा आकडा बातमीत गेला, पण दुखणं इथे होतं.

टूलबार करायचा काय? वेबपानावर कुठे फोन नंबर दिसला की त्याचं बटण करायचा. बटण दाबलं की स्काइपमधून तो नंबर लागायचा. अमेरिकेत बसून एखाद्या दुकानाचा नंबर शोधणाऱ्याला ही सोय असेलही. आपल्याकडे स्काइपवरून पैसे भरून लँडलाइनला फोन करणारे कितीसे होते? आई-वडिलांना मुलाचा चेहरा बघायचा होता, आणि त्यासाठी ब्राउझरमध्ये काहीच लागत नव्हतं. टूलबार काढून टाकला तरी स्काइप जसंच्या तसं चालत होतं.

उलट पानावरचे नंबर अचानक निळसर बटणं होऊन, शेजारी एखाद्या देशाचा झेंडा घेऊन बसायचे. रांगेत मांडलेली यादी विस्कटायची. दहा आकडी ग्राहक क्रमांकही कधीकधी फोन समजला जाऊन ‘कॉल करा’ म्हणत उभा राहायचा. लोकांना वाटे, ही त्या वेबसाइटचीच नवी फॅशन आहे.

बंद पडताना काय दिसायचं

क्रॅश होताना फायरफॉक्सच्या खिडक्या एकदम गायब व्हायच्या आणि एक लहानशी चौकट उरायची. तिच्यावर दिलगिरी, खाली एक टिकमार्क: या क्रॅशबद्दल मोझिलाला कळवू का? त्याखाली दोन बटणं, बाहेर पडा किंवा पुन्हा सुरू करा. घाईतला माणूस वाचत बसत नाही, ‘पुन्हा सुरू करा’ दाबतो. परत सुरू झाल्यावर आधीचे टॅब उघडले जायचे, त्यांत तेच पान, त्यावर तेच नंबर, आणि ब्राउझर पुन्हा आडवा.

असं लागोपाठ झालं की फायरफॉक्स टॅब आपणहून उघडायचं थांबवून एक पान दाखवायचा. मथळा साधारण ‘हे जरा लाजिरवाणंच झालं’ अशा अर्थाचा, आणि खाली खुलासा की हे बहुधा नुकत्याच उघडलेल्या एखाद्या वेबपानामुळे होतं. टॅबची यादी समोर, हवा तो टॅब वगळून पुढे जायची सोय.

चांगल्या हेतूने लिहिलेला हा खुलासा या प्रकरणात माणसाला नेमका चुकीच्या दिशेला पाठवत होता. पान निर्दोष होतं. तेच पान शेजारच्या संगणकावर, स्काइप नसलेल्या फायरफॉक्समध्ये बिनबोभाट उघडत होतं. पण वापरणारा काय निष्कर्ष काढणार? ‘ती वेबसाइट खराब आहे.’ चार वेगवेगळ्या वेबसाइटवर तसं झालं की ‘फायरफॉक्स खराब आहे.’ क्रोम येऊन तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती आणि तो झपाट्याने पसरत होता. मोझिलाला आपल्या नावावर चढणाऱ्या दुसऱ्याच्या क्रॅशची चिंता वाटली असेल तर त्यात नवल नाही.

मंदपणाचं लक्षण आणखी फसवं होतं. क्रॅश निदान दिसतो तरी. ३०० पट ही कमाल मर्यादा होती, सगळ्यांनाच ती लागू नव्हती. तरी हिशेब करून बघा. एरवी १० मिलिसेकंदांत उरकणारं काम ३०० पट लांबलं तर ३ सेकंद लागतात. ईमेलचा इनबॉक्स, रेल्वेचं आरक्षण, शेअर बाजाराचे हलते भाव अशी पानं क्षणोक्षणी स्वतःत बदल करत असतात. तिथे प्रत्येक बदलाला असा टोल बसला तर माणूस इंटरनेट कंपनीला फोन लावतो आणि राउटर बंद-चालू करत बसतो.

असं का होत होतं

इथे थोडं आत शिरावं लागेल. फोन नंबर शोधायचा तर पानातला सगळा मजकूर वाचणं आलं. नंबर सापडला की तो मजकूर उचलून त्या जागी बटणाची रचना घुसवणं आलं. आणि आजची पानं एकदा उघडून गप्प बसत नाहीत. वेबसाइटची स्क्रिप्ट त्यांत सतत भर घालते, काढते, हलवते. म्हणजे ऍड-ऑनला पानावर पाळत ठेवून प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासणी करावी लागते. बरं, त्याने स्वतः घुसवलेलं बटण हाही पानातला बदलच. वेबसाइटच्या स्क्रिप्टने ठेवलेला तुकडा तिला जागेवर सापडेनासा झाला की तीही अडखळते. नंबर शोधणं हे वरकरणी किरकोळ काम, पण ते प्रत्येक पानावर, प्रत्येक बदलाला, वापरणाऱ्याने कधीही न मागता चालू होतं.

मंदपणाचं हे झालं. मग अख्खा ब्राउझर का कोसळावा?

त्या वेळच्या फायरफॉक्सची बांधणी त्याला कारण होती. जून २०१० मध्ये आलेल्या ३.६.४ या आवृत्तीत मोझिलाने फ्लॅश, क्विकटाइम, सिल्व्हरलाइट अशा प्लगिनांना वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे वेगळ्या खोलीत बसवलं. फ्लॅश कोसळला तर पानावर तेवढ्या चौकोनात रडवेला करडा ठोकळा दिसायचा, बाकी ब्राउझर चालू. ही मोठीच सुधारणा होती. पण टूलबार प्लगिन, म्हणजे पानातला व्हिडिओसारखा एखादा तुकडा चालवणारा प्रोग्राम, नव्हता; तो एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरलाच नवी सोय जोडणारा प्रोग्राम, होता. एक्स्टेन्शन फायरफॉक्सच्या मुख्य प्रक्रियेतच राहायची. तिथेच सगळे टॅब, तिथेच मेनू, तिथेच हिस्ट्री. शिवाय तेव्हाच्या एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या आतल्या जवळजवळ सगळ्या यंत्रणेला हात घालायची मुभा होती, आणि हवी असेल तर स्वतःची डीएलएल फाइलही (विंडोजवर थेट चालणाऱ्या कोडची फाइल) सोबत आणता यायची. अशा कोडने चुकीच्या जागी मेमरी वाचली की कोसळणारी गोष्ट एकच, अख्खा फायरफॉक्स.

प्लगिन आणि एक्स्टेन्शन दोन्हींना लोक सरसकट ऍड-ऑन म्हणतात आणि बोलताना तसं म्हणायला हरकत नाही. निदान करताना मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागायचा, कारण फायरफॉक्सचा सेफ मोड एक्स्टेन्शन बंद करायचा, प्लगिन नाही. सेफ मोडमध्येही क्रॅश होत असेल तर संशय फ्लॅशकडे किंवा ड्रायव्हरकडे वळवायचा, अशी त्या वेळची वाट होती.

आरोपी सापडला कसा

तो टिकमार्क ज्यांनी ठेवला त्यांच्या अहवालांतून. क्रॅशच्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये काम चालू होतं, प्रक्रियेत कोणत्या फाइली भरलेल्या होत्या आणि कोणती ऍड-ऑन चालू होती हे त्या अहवालात असतं. मोझिलाच्या सर्व्हरवर असे अहवाल क्रॅशच्या जागेनुसार गटांत पडतात. मग साधी तुलना करायची. समजा एका विशिष्ट जागी होणाऱ्या क्रॅशपैकी बहुतेकांत एकच ऍड-ऑन दिसतं, पण एरवीच्या क्रॅशमध्ये ते क्वचितच दिसतं. तर बोट कुठे दाखवायचं हे वेगळं सांगायला नको.

कोट्यवधी लोक वापरत असलेल्या ब्राउझरमध्ये आठवड्याला ४०,००० क्रॅश म्हणजे समुद्रात थेंब, असं कोणी म्हणेल. पण हा आकडा फक्त कळवणाऱ्यांचा. वैतागून चौकट बंद करणारे, टिकमार्क काढणारे, किंवा तोवर दुसऱ्या ब्राउझरवर गेलेले त्यात नाहीत. शिवाय क्रॅशची कारणं शेकड्यांनी असतात. एकट्या ऍड-ऑनने त्या यादीत वर चढणं हीच बातमी.

अशी यादी तुमच्या संगणकावरही आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘अबाउट’, मग कोलन, मग जागा न सोडता ‘क्रॅशेस’ टाइप केलं की आजवरच्या अहवालांची यादी उघडते. पाठवलेल्या अहवालावर क्लिक केलं तर वर सांगितलेले गट आणि फाइली दिसतात. सगळं कळायची गरज नाही. त्यात एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव पुन्हा पुन्हा दिसतंय का एवढं बघितलं तरी पुष्कळ वेळा धागा हाती लागतो. हे पान माहीत असलेली माणसं फार थोडी भेटतात, आणि ब्राउझर काढून परत टाकायच्या आधी दोन मिनिटं तिथे घालवणं केव्हाही परवडतं.

मोझिलाचा निर्णय

फायरफॉक्स २ पासून मोझिलाकडे ब्लॉकलिस्ट होती. ब्राउझर साधारण रोज एकदा मोझिलाकडून ही यादी मागवतो आणि त्यातलं ऍड-ऑन आपल्याकडे असेल तर थांबवतो. थांबवणं दोन तऱ्हांचं. कडक बंदीत ऍड-ऑन बंद होतं आणि ते पुन्हा चालू करता येत नाही. सौम्य बंदीत ते बंद होतं, कारण सांगितलं जातं, पण वापरणाऱ्याने ठरवलं तर तो परत चालू करू शकतो. स्काइप टूलबारला सौम्य बंदी लागली. स्काइपशी बोलणं चालू आहे आणि दोष दुरुस्त केलेली आवृत्ती आली की बंदी उठवू, असंही मोझिलाने कळवलं.

आधीच्या एका कारवाईशी हे ताडून बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये मोझिलाने मायक्रोसॉफ्टचा डॉट नेट फ्रेमवर्क असिस्टंट आणि त्याच्या सोबतचं एक प्लगिन असंच अडवलं होतं. तेही विंडोजच्या अपडेटमधून फायरफॉक्समध्ये न विचारता शिरलेले होते, आणि सुरुवातीला तर ‘अनइन्स्टॉल’ बटणही करडं, म्हणजे दाबता न येणारं, होतं. पण तिथे प्रश्न सुरक्षेतल्या भोकाचा होता, घाई होती. असिस्टंट त्या भोकाचा मार्ग नाही असं स्पष्ट झाल्यावर त्याच्यावरची बंदी दोनच दिवसांत उठली. स्काइपच्या बाबतीत चोरीचा धोका नव्हता, मनस्ताप होता. त्यामुळे सौम्य बंदीच योग्य होती असं माझं मत. ज्याला खरोखर पानावरून फोन लावायचे आहेत त्याने चालू करावं. बाकीच्यांना काही करायलाच नको होतं; एका सकाळी फायरफॉक्सने खिडकी दाखवली, ऍड-ऑनचं नाव सांगितलं, पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि दुखणं गेलं.

यावर आक्षेपही आला: माझ्या संगणकावरचं सॉफ्टवेअर बंद करणारा मोझिला कोण? तत्त्व म्हणून प्रश्न बिनतोड आहे. पण मग ते सॉफ्टवेअर तिथे ठेवणारा कोण, हाही त्याच सुरात विचारावा लागतो.

एका संगणकापुरतं बघितलं तर

समजा बंदी यायच्या आधी, डिसेंबर २०१० मध्ये, असा संगणक तुमच्यासमोर आहे. विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम, फायरफॉक्सच्या वरच्या अंगाला एकाखाली एक तीन टूलबार आणि पान बघायला उरलेली जेमतेम अर्धी स्क्रीन. काय करायचं?

स्टार्ट मेनूतल्या फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये ‘सेफ मोड’ची वेगळी नोंद असे. ती उघडली की टिकमार्कांची एक चौकट यायची: सगळी ऍड-ऑन कायमची बंद करा, टूलबार मूळपदावर आणा, वगैरे. उतावळा माणूस इथे सगळ्यांवर टिक करून टाकतो. तसं करायचं नाही. कशालाही हात न लावता ‘सेफ मोडमध्ये पुढे चला’ दाबायचं आणि ज्या पानांवर क्रॅश होत होता ती उघडायची. तासभर सुरळीत चाललं तर दोष एक्स्टेन्शनांत, एवढं नक्की होतं, आणि काहीही बिघडवलेलं नसतं.

पुढची पुस्तकी रीत म्हणजे अर्धी-अर्धी. १६ एक्स्टेन्शन असतील तर ८ बंद करून बघा, मग त्यातली ४, मग २. चार फेऱ्यांत आरोपी सापडतो. रीत बिनचूक आहे, पण वेळखाऊ आहे, कारण क्रॅश काही हुकमी होत नाही. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस थांबावं लागू शकतं. दोन ऍड-ऑन एकत्र असतानाच क्रॅश होत असेल तर ही रीत गोंधळातही टाकते.

मी वेगळी सुरुवात करतो, आणि स्काइपचं प्रकरण तिचा उत्तम दाखला आहे. यादी उघडायची आणि संगणकाच्या मालकाला शेजारी बसवायचं. एकेका नावावर बोट ठेवून विचारायचं, ‘काका, हे तुम्ही टाकलंय?’ उत्तरं तीन प्रकारची येतात. ‘हो, हे मला लागतं.’ ‘टाकलं होतं कधीतरी, आता नाही वापरत.’ आणि ‘हे काय आहे?’ तिसऱ्या उत्तराची सगळी नावं एका झटक्यात बंद करायची. त्यात काही गमावण्यासारखं नसतं. मालकाला ते आहे हेच माहीत नव्हतं. क्रॅश थांबले तर शोध संपला. थांबले नाहीत तर दुसऱ्या उत्तराची नावं, आणि मग उरलेल्या दोन-तीनांवर अर्धी-अर्धी. काकांच्या यादीत स्काइप टूलबार तिसऱ्या गटात निघाला असता यात मला शंका नाही.

आता करड्या बटणाची गंमत. टूल्समधून ऍड-ऑनची खिडकी उघडली की प्रत्येक नावासमोर ‘डिसेबल’ आणि ‘अनइन्स्टॉल’ अशी बटणं असायची. बाहेरच्या प्रोग्रामने विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, आत घुसवलेल्या ऍड-ऑनचं ‘अनइन्स्टॉल’ करडं असायचं, दाबलंच जायचं नाही. वापरणाऱ्याला वाटे संगणक बिघडला. खरं तर ते करडं बटणच सर्वांत मोठा पुरावा होता: हे ऍड-ऑन फायरफॉक्समधून आलेलं नाही, बाहेरून आलंय, तेव्हा बाहेर जाऊनच काढा. मग कंट्रोल पॅनेल, ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’, आणि तिथे स्काइपच्या जवळच ‘स्काइप टूलबार्स’ अशी स्वतंत्र नोंद. तेवढीच काढायची. स्काइपला धक्का लागायचा नाही, रविवारचा कॉल चुकायचा नाही. पुढच्या वेळी स्काइप अपडेट करताना मात्र प्रत्येक पडद्यावरचे टिकमार्क वाचायचे, नाहीतर पाहुणा परत हजर.

पुढे काय बदललं

२२ मार्च २०११ ला फायरफॉक्स ४ आला. १ एप्रिलला मोझिलाने ऍड-ऑनमुळे ब्राउझर सुरू व्हायला किती उशीर होतो याची मोजणी जाहीर केली. सरासरी एका ऍड-ऑनमागे सुमारे १० टक्के. दहा ऍड-ऑन असली तर सुरू व्हायचा वेळ दुप्पट. खरा बदल ८ नोव्हेंबर २०११ च्या फायरफॉक्स ८ मध्ये झाला: दुसऱ्या प्रोग्रामने घुसवलेलं ऍड-ऑन आल्या आल्या बंदच राहणार, आणि वापरणाऱ्याने ‘हो’ म्हटल्यावरच चालू होणार. आधीपासून असलेल्यांसाठी एकदाच एक यादी दाखवली गेली, कोणती तुम्ही स्वतः टाकली आणि कोणती इतरांनी, अशी वेगवेगळी मांडून. काकांना विचारायचा प्रश्न ब्राउझरनेच विचारला. क्रोमने २०१३ च्या सुरुवातीला २५ व्या आवृत्तीत विंडोजवर असाच नियम केला. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ ने जुन्या बांधणीची सगळी एक्स्टेन्शन मोडीत काढली. आतल्या यंत्रणेत मनमानी हात घालायची सोय संपली. त्यात कित्येक चांगली ऍड-ऑनही गेली आणि लोक चिडले, तो राग रास्त होता. मार्च २०२० च्या फायरफॉक्स ७४ पासून बाहेरून घुसवायची वाटच बंद झाली.

म्हणजे दुखणं मिटलं का? रूप बदललं. आज एखादं एक्स्टेन्शन अख्खा ब्राउझर पाडेल अशी शक्यता कमी. ते रॅम खातं, टॅब पाडतं, पानं अडकवतं. अख्खा ब्राउझर कोसळतोय तर आधी एक्स्टेन्शनच्या यादीबाहेर बघावं: अँटिव्हायरस, स्क्रीन रेकॉर्डर अशी सॉफ्टवेअर ब्राउझरच्या प्रक्रियेत स्वतःचं कोड घुसवतात. गुगलने २०१७ मध्ये सांगितलं होतं की विंडोजवर ज्यांच्याकडे असं कोड घुसवणारं सॉफ्टवेअर आहे, त्यांचा क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘थर्ड-पार्टी’ हे पान अशा पाहुण्यांची यादीच देतं.

दुसरा नवा प्रकार म्हणजे तुम्ही स्वतः, विचार करून टाकलेलं एक्स्टेन्शन पुढे मालक बदलतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न लागणारे टॅब झोपवून रॅम वाचवणारं, लोकप्रिय आणि खरोखर उपयोगी एक्स्टेन्शन होतं. २०२० मध्ये ते मूळ प्रोग्रामरने दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर ठरवून लोकांच्या क्रोममधून बंद केलं. ‘हे तुम्ही टाकलंय?’ला ‘हो’ असं उत्तर येऊनही घोटाळा निघू शकतो, तो असा. म्हणून दुसऱ्या गटातली नावं, कधीतरी टाकलेली आणि न वापरलेली, राहू देण्यात शहाणपण नाही. क्रॅश होवो न होवो.

आजच्या क्रोममध्ये पहिली चाचणी इनकॉग्निटो खिडकीची. तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत, तेव्हा अडकणारं पान तिथे सुरळीत उघडलं तर दिशा कळते. इनकॉग्निटोत लॉगिन आणि कुकीही नसतात, त्यामुळे हा निकाल शंभर टक्के धरू नये. मग शिफ्ट आणि एस्केप दाबून क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडायचा; कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते तिथे नावानिशी दिसतं. फायरफॉक्समध्ये जुन्या सेफ मोडचं नाव आता ट्रबलशूट मोड आहे, हेल्प मेनूत सापडतो. शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स उघडला तरी चालतं.

करडं बटण अजूनही भेटतं, वेगळ्या वेषात. क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या यादीत एखाद्या नावापुढचं ‘रिमूव्ह’ गायब असतं, आणि मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ असते. कंपनीच्या लॅपटॉपवर हे रीतसर आहे, आयटी विभागाला विचारा. घरच्या पीसीवर ती ओळ दिसली तर विचारावं लागतं, घरात ही संस्था कुठून आली? काही अँटिव्हायरसही धोरणाची एखादी नोंद लिहून ठेवतात, तेव्हा लगेच घाबरायला नको. पण न काढता येणारं एक्स्टेन्शन आणि ही ओळ एकत्र दिसली तर कोणत्या तरी प्रोग्रामने रजिस्ट्रीत ते सक्तीने बसवायचा हुकूम लिहिलेला असतो. क्रोम काढून परत टाकला तरी तो हुकूम तिथेच राहतो आणि एक्स्टेन्शन पुन्हा उगवतं. अशा वेळी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेनुसार लावायची, त्रास सुरू झाला त्या आठवड्यातली नावं बघायची, आणि ज्यांच्याबद्दल घरात कोणालाच काही सांगता येत नाही तिथून काढायला घ्यायचं.